अण्णांचं ‘ते’

अण्णा फोनवर ‘हं’ म्हणायचे. तसं सगळेच म्हणतात, पण अण्णांचा ‘हं’ एकदा सुरू झाला की संपायचं नाव घेत नसे. पलीकडचा माणूस आधी गप्प बसे, मग ‘हॅलो, हॅलो’ करी आणि शेवटी लाइन गेली असं समजून फोन ठेवून देई. गॅसवाल्यापासून त्यांच्या सख्ख्या मेव्हण्यापर्यंत सगळ्यांचं असंच होई. अण्णा मात्र फोन कानाला तसाच धरून आपला ‘हं’ पूर्ण करत आणि मगच खाली ठेवत.

“अर्ध्यात कसा सोडायचा?” ते विचारत. त्यांना खरंच उत्तर हवं असे.

अण्णा आता नाहीत. मला फोनवर कुणी लांब ‘हं’ म्हटलं, की मी अजून थोडा जास्त वेळ थांबते.

मी नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरूला आले तेव्हा इंदिरानगरात त्यांच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. एका बाजूला पब, दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना, आणि मधे हे जुनं दुमजली घर, दारात चाफा. दलालानं आधीच बजावलं होतं की मालक विक्षिप्त आहेत, भलतेसलते प्रश्न विचारतात, घाबरू नका. मी उत्तरं पाठ करून गेले होते : पगार किती, मित्र येणार का, मांसाहार करता का. अण्णांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते माझ्या खांद्यावरच्या पेटीकडे बघत होते.

“काय आहे त्यात?”

“व्हायोलिन.”

“बसून वाजवायचं की उभं राहून?”

मला प्रश्न कळायला क्षणभर वेळ लागला. लहानपणी पुण्याला कॅम्पात एका पारशी बाईंकडे मी विलायती पद्धतीचं व्हायोलिन शिकले होते. ते उभं राहून वाजवतात. कर्नाटक संगीतातले लोक मांडी घालून बसतात आणि व्हायोलिनचं टोक पायावर टेकवतात.

“उभं राहून.”

“सरी, ठीक,” अण्णा म्हणाले. “सामान घेऊन ये.”

“अहो, तिचं नाव तरी विचारा!” आतून बाईचा आवाज आला. त्या अक्का, अण्णांच्या पत्नी.

खरं सांगायचं तर कॉलेज संपल्यापासून मी ती पेटी उघडलीसुद्धा नव्हती. आईला कपाट रिकामं करायचं होतं, म्हणून तिनं ती माझ्या गळ्यात मारली होती. पण घर मिळतंय म्हटल्यावर मी गप्प राहिले.

अण्णांचं घराणं बेंगळुरूत कित्येक पिढ्यांचं. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं होतं की ते निराळं काढता आलं नसतं. ‘जरा’च्या जागी ‘स्वल्प’, ‘उगीच’च्या जागी ‘सुम्मने’. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या एका वाक्याला हसले, तेव्हा ते न रागावता म्हणाले, “हे बघ, आमचं मराठी घोड्यावरून आलं. तुझं रात्रीच्या बसनं. कुणाला जास्त धूळ लागलेली असणार?”

एका सरकारी कारखान्यात ते आयुष्यभर इंजिनियर होते. काम एकच : यंत्र का थरथरतं ते शोधायचं आणि ती थरथर बंद करायची. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण कान सुटला नाही. रिक्षात बसले की रिक्षावाल्याला सांगत, “मागचं डावं चाक बघून घे, अण्णा.” (तिथे रिक्षावालाही अण्णाच.) एकदा मी त्यांच्याबरोबर चिकपेटेत गेले होते. अक्कांना देवघरासाठी घंटा हवी होती. त्या अरुंद गल्लीत, हमाल आणि साड्यांचे गठ्ठे यांच्या मधून वाट काढत आम्ही एका भांडीवाल्याच्या दुकानात शिरलो. अण्णांनी एक घंटा उचलली, एकदाच वाजवली आणि डोळे मिटून उभे राहिले. नाद विरला तशी दुसरी उचलली. मग तिसरी. मागे गिऱ्हाइकं खोळंबली.

“सार,” दुकानदार शेवटी म्हणाला, “घंटा आहे ती, रेडिओ नाही.”

अण्णांनी त्याला हातानं थांबवलं आणि आणखी एक वाजवली. ही चांगली होती. नाद हवेत राहिला, बारीक होत गेला, आणि गंमत म्हणजे ते सगळं दुकान तो संपायची वाट बघत उभं राहिलं. कढई हातात घेतलेली एक बाई, पोतं उतरवणारा हमाल, स्वतः दुकानदार. नाद संपल्यावर कुणीतरी सुस्कारा सोडला. “ही द्या,” अण्णा म्हणाले.

आता ‘ते’ म्हणजे काय हे सांगायला हवं, कारण अण्णांच्या आयुष्यात कारखाना, घर आणि अक्का यांच्याइतकंच ‘ते’ होतं.

तिशीत असताना कारखान्यानं त्यांना प्रशिक्षणासाठी परदेशी पाठवलं होतं. एका सुट्टीच्या दिवशी बर्फात भिजून, ऊब मिळावी म्हणून ते एका चर्चच्या सभागृहात शिरले. तिथे तीन विद्यार्थी वाजवत होते : एक व्हायोलिन, एक पायांत धरून वाजवायचा मोठा चेलो आणि एक व्हायोला. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली, जाड आवाजाची बहीण. पहिला सूर व्हायोलानं लावला आणि तो तसाच राहिला. अण्णांना वाटलं, वाद्यं जुळवताहेत. बऱ्याच वेळानं व्हायोलिनचा सूर त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला, मग चेलोचा. मग एकेक जण निघून गेला आणि नुसती शांतता उरली, तीही तितकीच लांब. ना चाल, ना ताल. एका अमेरिकन विद्यार्थ्यानं तरुण वयात लिहिलेली ती रचना होती, आणि ती सगळीच्या सगळी अशीच होती. लोक उठून जाऊ लागले.

“मी पण उठणार होतो,” अण्णा सांगत. “पण कोट ओला होता. म्हणून सुम्मने बसून राहिलो. आणि मग कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी रडतोय. कशासाठी, ते आजपर्यंत कळलेलं नाही.”

येताना ते एक जुना व्हायोला आणि त्या रचनेच्या कागदांच्या प्रती घेऊन आले. कागदांवर स्वरांची चिन्हं इतकी थोडी, की अक्का म्हणाल्या, “छापखान्यातली शाई संपली होती काय?” रचनेचं नाव अण्णा कधी घेत नसत. नुसतं ‘ते’. ‘रविवारी ते करूया.’ ‘ते अजून जमत नाही.’

व्हायोला शिकायला त्यांनी गाठले इग्नेशियस सर. कुक टाउनमधले मंगळुरी ख्रिश्चन, शाळेत संगीत शिकवणारे, चेलो वाजवणारे. सर आमच्याशी कोकणीत बोलत आणि आम्ही त्यांच्याशी मराठीत. कुणाचंच अडत नसे. त्यांना पहिल्या वर्षी अण्णा वेडे वाटले, दुसऱ्या वर्षी बरे वाटू लागले, आणि नंतर ते दर रविवारी चेलो पाठीवर टाकून येतच राहिले. अडचण तिसऱ्या माणसाची होती. व्हायोलिनवाले टिकत नसत. एकीचं लग्न झालं, एक कॅनडाला गेला, एक कॉफी प्यायला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही. म्हणून माझ्या खांद्यावरची पेटी.

आणि या सगळ्या काळात घरात एक उत्तम व्हायोलिन वाजवणारी बाई होती. अक्का कर्नाटक संगीत शिकलेल्या, रोज सकाळी मागच्या खोलीत पाचसहा मुलांना शिकवायच्या. लग्नानंतर अण्णांनी मोठ्या उत्साहानं त्यांच्यापुढे ते कागद ठेवले होते. अक्कांनी सूर लावला, आणि त्यांच्या पद्धतीप्रमाणे तो हलला. कर्नाटक संगीतात सूर असा हलतो, झुलतो, शेजारच्या सुराला स्पर्श करून येतो. त्याला गमक म्हणतात, आणि त्याच्यावाचून सुरात जीव नाही असं ते मानतात.

“हलवू नकोस,” अण्णा म्हणाले. अक्कांनी पुन्हा लावला. पुन्हा हलला. “अगं, हलवू नको म्हटलं ना!”

“मी काय खांब आहे?” असं म्हणून अक्कांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं. त्यानंतर अण्णा घरात असताना त्यांनी ते कधी काढलं नाही. शिकवणी अण्णांच्या कारखान्याच्या वेळात चाले. निवृत्तीनंतर त्यांच्या सकाळच्या फिरण्याच्या वेळात. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. दोघं एकत्र जेवत, एकत्र देवळात जात, एकमेकांची औषधं लक्षात ठेवत. फक्त संगीताच्या बाबतीत एका घरात दोन बिऱ्हाडं होती.

माझा पहिला रविवार मला चांगला आठवतो. आठवडाभर मी ऑफिसात उभ्या-उभ्या मीटिंगा करून आलेली, प्रत्येकाला दोन वाक्यांत बोलायची सवय. आणि इथे अण्णा म्हणाले, “हा एक सूर लाव. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही.” तारेवरून ओढता ओढता गज संपतो, मग तो उलटा फिरवावा लागतो, आणि फिरवल्याचं ऐकू येता कामा नये. माझा खांदा भरून आला, हनुवटी दुखली, बाहेर पबवाल्याचे क्रेट आदळत होते. अण्णा डोळे मिटून ऐकत होते.

“घाई कुठली आहे तुला?” ते म्हणाले.

“नाही, घाई नाही...”

“आहे. सुराला कळते. सूर म्हणजे चहा पाजून वाटेला लावायचा पाहुणा नव्हे. राहू दे की त्याला घरात.”

कित्येक रविवार मी कंटाळले. एकदोनदा डोकं दुखतंय म्हणून खोटं सांगून वरच राहिले. मग एके दिवशी आम्ही तिघं तीन सुरांवर उभे होतो, सूर इतके जवळजवळ की त्यांची आपसात कुरकुर चालू होती; हवेत लाटा उठल्यासारखं वाटत होतं. त्या लाटा हळू होत गेल्या, आणखी हळू, आणि थांबल्या. आणि खोलीत चौथाच एक आवाज आला, खालचा, जाड, जो आमच्यापैकी कुणीच वाजवत नव्हतं. मी दचकून अण्णांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, लहान मुलासारखे खूश. ‘आला ना?’ असं त्यांच्या तोंडावर होतं. त्यानंतर मला कधी रविवारी डोकेदुखी झाली नाही.

अण्णांचा अपमान केलेला मी कधी पाहिला नाही, कारण त्यांचा अपमान होतच नसे. मी येण्याआधीची गोष्ट इग्नेशियस सर सांगत. एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात कुणीतरी अण्णांना दहा मिनिटं दिली होती. अण्णा स्टेजवर बसले, व्हायोला लावला आणि ‘ते’ सुरू केलं. पहिला सूर. दोन मिनिटं झाली, चार झाली. मागच्या रांगेतल्या बायका बोलू लागल्या. शेवटी कार्यकारिणीतले एक गृहस्थ वाकून स्टेजवर आले आणि त्यांच्या कानात म्हणाले, “अण्णा, माइक एकदम ठीक आहे. करा आता सुरुवात.” सगळं सभागृह हसलं. अण्णाही हसले. सूर मात्र सोडला नाही. दहा मिनिटं पूर्ण करून, नमस्कार करून उतरले. घरी आल्यावर अक्कांना एवढंच म्हणाले, “आज बरेच लोक होते.”

एवढं सगळं करून ‘ते’ पहिल्यापासून शेवटपर्यंत, लोकांसमोर, एकदाही झालेलं नव्हतं. मी आल्यावर तिघं झालो, दोनेक वर्षांत बऱ्यापैकी जमूही लागलं. मग अण्णांनी दिवस ठरवला. घरच्याच हॉलमध्ये, जवळच्या लोकांना बोलावून. आणि दिवस कुठला, तर मतदानाचा.

“त्या दिवशी पब बंद,” ते म्हणाले. “ऑफिसं बंद. प्रचाराचे भोंगे आधीच थांबलेले. इंदिरानगरात वर्षानुवर्षांत तेवढ्याच एका दिवशी कान उघडा ठेवता येतो.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका रविवारी त्यांचा पहिला सूर हलला.

मला आधी वाटलं, माझाच कान. पण इग्नेशियस सरांनीही मान वर केली. व्हायोलाचा सूर बारीक, एकसारखा थरथरत होता. अण्णांनी गज उचलला, पुन्हा टेकवला. पुन्हा तेच. त्यांचा उजवा हात थरथरत होता. घट्ट धरला की जास्तच.

“कापी घेवया,” सर घाईघाईनं म्हणाले. कॉफी घेऊया. अक्कांनी कॉफी आणली आणि अण्णांच्या हातातला पेला खालच्या वाटीवर वाजू लागला. टिक टिक टिक टिक. अण्णांनीच पेला खाली ठेवला.

“कधीपासून?” अक्कांनी विचारलं.

“झाले काही महिने. स्वल्प होतं. आता वाढलं.”

डॉक्टरांनी सांगितलं की घाबरण्यासारखं नाही, वयाबरोबर काहींना होतं. गोळीनं थोडं कमी होईल, जाणार नाही. अण्णांनी डॉक्टरांना ती थरथर सेकंदाला किती झोक्यांची आहे ते मोजून सांगितलं. घरी येऊन त्यांनी व्हायोला पुसला, पेटीत ठेवला, पेटी कपाटावर. ज्यांना बोलावलं होतं त्यांना एकेकाला फोन करून सांगितलं की येऊ नका, होत नाही. त्या फोनांमध्ये ‘हं’ अगदी आखूड होते.

मग घर गप्प झालं. अण्णा व्हरांड्यात बसून रस्त्याकडे बघत. मी जाता-येता काही विचारलं तर “हो”, “नाही”. रिक्षाच्या चाकाबद्दल काही नाही, शेजारच्या जनरेटरबद्दल तक्रार नाही. एकदा मी मुद्दाम विचारलं, “अण्णा, माझ्या गीझरचा आवाज बदललाय, बघता का?” ते म्हणाले, “प्लंबरला बोलव.”

एका सकाळी मी सुट्टी घेऊन घरीच होते. खालून व्हायोलाचा सूर आला. सरळ, लांब. मला इतका आनंद झाला की अनवाणीच जिना उतरून धावले. व्हरांडा रिकामा होता; अण्णा फिरायला गेले होते. मागच्या खोलीत अक्का जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. व्हायोला त्यांच्या व्हायोलिनपेक्षा बराच मोठा. त्याचं टोक त्यांनी त्यांच्या पद्धतीनं पायावर टेकवलं होतं आणि डावा हात ताणून ताणून सुरापर्यंत नेत होत्या. पदर खोचलेला, कपाळावर घाम.

मला बघून त्या थांबल्या. “ह्यांना सांगू नकोस.”

“अक्का, पण तुम्हाला तर ‘ते’ आवडत नाही.”

“आवडत नाहीच,” त्या फणकाऱ्यानं म्हणाल्या. “अर्धा अर्धा तास एकच सूर! आमचा पाण्याचा पंप पण तेवढं वाजवतो. पण त्यांचं ते तोंड बघवत नाही ग मला. इतकी वर्षं ह्या आवाजाची कटकट वाटली, आणि आता तो नाही तर भाजीत मीठ घातलं की नाही तेसुद्धा आठवत नाही.”

मग हळू आवाजात म्हणाल्या, “आणि हे बोट बघ. ऐकतच नाही. मी सरळ ठेवते, ते आपलं हलतं. लहानपणापासून हलायलाच शिकवलंय त्याला. आता म्हातारपणी सांगते बस, तर कसं बसेल?”

तेव्हापासून आम्ही तिघं कुक टाउनला सरांच्या घरी जमू लागलो. अक्का घरी सांगत, चिकपेटेत ब्लाऊजपीस आणायला जाते. व्हायोला चादरीत गुंडाळून आधी माझ्या खोलीत येई, तिथून माझ्या पाठीवर. कपाटावर रिकामी पेटी तशीच ठेवलेली. एका रविवारी आम्ही निघालो तेव्हा अण्णा व्हरांड्यातून म्हणाले, “किती ब्लाऊज शिवणार आहेस?”

“लग्न आहे.”

“कुणाचं?”

“होईल कुणाचं तरी!” अक्का म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

सरांकडे त्यांनी फार कष्ट घेतले. सरळ सूर लावताना त्या श्वास रोखून धरत आणि मग खोकला येई. सर म्हणत, “अक्का, भियेनाकात.” भिऊ नका. हळूहळू बोट बसायला शिकलं. अक्कांना ‘ते’ आवडू लागलं का? मी एकदा विचारलं. त्या विचार करून म्हणाल्या, “आवडतं असं नाही. पण आता ह्यांना त्यात काय ऐकू येतं, ते मला कळायला लागलंय. राग येतो. तेव्हाच कळलं असतं तर!”

मतदानाच्या दिवशी अण्णा सकाळी लवकरच केंद्रावर गेले. रांग मोठी असणार हे अक्कांना ठाऊक होतं. त्या आणि मी त्याहून आधी, दार उघडताच मत देऊन आलो होतो. ज्यांना अण्णांनी ‘येऊ नका’ सांगितलं होतं त्या सगळ्यांना अक्कांनी पुन्हा फोन केले होते. लोक आले : दातांचे डॉक्टर, अण्णांचे कारखान्यातले दोन मित्र, शिकवणीची मुलं आणि त्यांच्या आया. मोठ्या सगळ्यांच्या डाव्या तर्जनीवर शाई. बाहेर रस्ता इतका शांत होता की चाफ्याचं फूल पडलेलं ऐकू यावं.

अण्णा आत आले आणि दारातच थांबले. खुर्च्या पाहिल्या, माणसं पाहिली, चेलो घेऊन बसलेले सर, उभी असलेली मी. मग चटईवर मांडी घालून बसलेल्या अक्का, आणि त्यांच्या मांडीवर आपला व्हायोला.

“तू?”

“मी.”

“ते?”

“ते. आता उभे राहू नका असे. बसा.”

अण्णा खुर्चीवर बसले नाहीत. चपला काढून अक्कांच्या समोर, जमिनीवरच बसले. अक्कांनी गज टेकवला.

पहिला सूर व्हायोलाचा, एकटा. तो लागला आणि उभा राहिला. अक्कांचं शाई लागलेलं बोट तारेवर गच्च. मी माझ्या जागेची वाट बघत होते. मग मी आत शिरले, मग सर. आम्ही थांबलो, तेव्हा शिकवणीतलं एक मूल शिंकलं आणि पुन्हा शांतता. पुन्हा सूर. एक आई मुलाला घेऊन हळूच उठून गेली. बाकीचे बसले.

मधे कुठेतरी, अक्का पुन्हा एकट्या असताना, त्यांचं बोट हललं. अगदी एकदाच, सूर झुलला आणि परत आला. सगळा जन्म त्या एका झोक्यात असल्यासारखा गोड होता तो, पण चूक होती. अक्कांचे डोळे भरले. अण्णांनी डोळे उघडले. मला वाटलं, आता हे थांबवतील. त्यांनी मांडीवरचा थरथरता हात उचलून फरशीवर टेकवला, तळवा दाबला आणि पुन्हा डोळे मिटले. अक्का पुढे वाजवत राहिल्या.

शेवटचा सूर विरला. संपलं की नाही हे कुणालाच कळेना, त्यामुळे टाळ्या वाजल्या नाहीत. “जालें?” सरांनी मला हळूच विचारलं. मीही खात्रीनं सांगू शकले नाही.

अण्णा अक्कांकडे बघत होते. “मधे एकदा तुझं बोट हललं,” ते म्हणाले.

“कळलं मला,” अक्का म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला.

“ते पुन्हा कर.”

“म्हणजे?”

“ह्यात नको. तुझ्या व्हायोलिनवर. तुझं जे आहे ते. मी कधी ऐकलंच नाही.”

खोलीतल्या कुणालाही कुठे बघावं ते कळेना. अक्कांनी व्हायोला चटईवर हळूच ठेवला. मग एका शिष्येला म्हणाल्या, “जा ग, माझी पेटी आण.” त्यांनी तोडी राग वाजवला. त्यात एकही सूर सरळ नव्हता. अण्णा हरवल्यासारखे ऐकत होते, आणि मधूनच कारखान्यातल्या मित्राला खुणावत होते, ‘ऐक, ऐक.’

पुढे माझं लग्न झालं आणि आम्ही सर्जापूर रोडला राहायला गेलो, अकराव्या मजल्यावर. माझी मुलगी झाली ती रडण्याचा नेम घेऊनच. दोन महिन्यांची असताना तिनं आम्हा सगळ्यांना जेरीस आणलं होतं. फिरवा, झुलवा, गाणी म्हणा, मोबाइलवर पंख्याचा आवाज लावा. काही चालत नसे. त्याच दिवसांत एके दुपारी अण्णा आणि अक्का तिला बघायला आले. अक्कांनी होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, करून आणली होती. मी पानं घेतली आणि मुलीनं सूर लावला.

नवरा घेऊन गेला, उपयोग नाही. अक्कांनी घेतलं, उपयोग नाही.

“अण्णा, तुम्ही बघता?” मी म्हटलं.

अण्णा मागे सरकले. “नको, नको. हे हात बघ. पडेल ती.” तोपर्यंत दोन्ही हात थरथरू लागले होते. जेवताना अक्का त्यांना आमटी वाटीत अर्धीच वाढत.

“सोफ्यावर बसा. मी उशा लावते.”

त्यांना मधोमध बसवलं, दोन्हीकडे उशा, मांडीवर एक. मुलीला त्यांच्या हातांवर ठेवलं. त्यांनी कोपरं अंगाशी घट्ट धरली, श्वाससुद्धा घेत नव्हते. हात थरथरत होते, बारीक, एकसारखे, न थांबता. मुलगी आणखी एकदा ओरडली. मग थांबली. गोंधळल्यासारखी त्यांच्याकडे बघू लागली. मग तिची पापणी जड झाली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली, आणि ती झोपली.

कुणाचाच विश्वास बसेना. मी घ्यायला पुढे झाले तर अण्णांनी मान हलवली. नवरा म्हणाला, “अण्णा, हात दुखतील.” त्यांनी ऐकलंच नाही. ते तिच्याकडे बघत होते.

पानावरचं गार होत चाललं. शेवटी अक्का ताट उचलून सोफ्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. होळिगेचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि अण्णांच्या तोंडापुढे धरला. अण्णांनी मुलीवरची नजर न काढता तोंड उघडलं.